महाडहून जंजिरा: एकट्याने, भरतीचं गणित मांडून

आंबेनळी आणि कशेडी घाट अंगवळणी पडलेल्या महाड-पोलादपूरकरांना जंजिऱ्याच्या रस्त्याची भीती वाटण्याचं कारण नाही. फसगत होते ती वेळेची. आपल्याला एसटीचं वेळापत्रक ठाऊक असतं, समुद्राचं नसतं. आणि एकटं निघालं की त्याची आठवण करून द्यायला सोबत कुणी नसतं.

म्हणून गाडीआधी दिनदर्शिका काढा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा. तो पूर्ण भरतीचा अंदाजे तास. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारच्या आसपास येते आणि पाणी नेहमीपेक्षा जास्त चढतं. हे उधाण. दोन दिवसांच्या या फेरीला अष्टमीच्या आसपासचे दिवस सोयीचे.

पावसाळ्यात मात्र हा बेत नको. जंजिऱ्याच्या होड्या तेव्हा बंद असतात. महामार्गाचाही भरवसा नसतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल पुरात वाहून गेला, हे आपल्याकडे कुणी विसरलेलं नाही.

पहिला टप्पा माणगाव. पहाटे निघावं, म्हणजे महामार्गावर अवजड गाड्यांमागे रखडावं लागत नाही. माणगावला डावीकडे वळून म्हसळ्याचा रस्ता धरावा. निघताना घरी मुक्कामाचं गाव सांगून ठेवा; पुढे वळणावळणांत मोबाइलची रेंज जाते.

म्हसळ्याहून आधी हरिहरेश्वर. महाबळेश्वरला उगम पावून पोलादपूर-महाडवरून येणारी आपली सावित्री इथेच, बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. देवळामागची प्रदक्षिणेची वाट खडकांवरून जाते. ती ओहोटीलाच करावी, आणि पाणी चढू लागलं की लगेच मागे फिरावं. फोटोच्या नादात खडकांवर थांबलेल्यांना लाटांनी ओढून नेल्याच्या घटना इथे घडल्या आहेत. स्थानिकांनी ‘जाऊ नका’ म्हटलं तर वाद घालू नये.

मुक्काम श्रीवर्धनला करावा. बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचं हे मूळ गाव. पेट्रोलची टाकी इथेच भरा, जवळ रोख पैसेही ठेवा. पुढच्या लहान गावांत दोन्हींची खात्री नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरावी, शेखाडीवरून दिवेआगरचा किनारी रस्ता. समुद्र सतत डाव्या हाताला असतो आणि नजर तिकडेच जाते. पाहायचं असेल तर गाडी रस्त्याच्या कडेला नीट उभी करून पाहावं, वळणावर थांबू नये. दिवेआगरला गाडी वाळूत उतरवू नये. चाक रुतलं की एकट्याला ते निघत नाही, आणि भरती वाट पाहत नाही.

पुढे दिघी. इथून आगरदांड्याला जंगल जेट्टी जाते. म्हणजे माणसांसोबत गाड्याही खाडीपार नेणारी मोठी बोट. दुचाकी गिअरमध्ये ठेवून साइड स्टँडवर लावा, चारचाकीचा हँडब्रेक ओढा. पलीकडे उतरण्यापूर्वी परतीच्या शेवटच्या फेरीची वेळ विचारून घ्या. बहुतेकांचं चुकतं ते इथे. ती फेरी हुकली तर तळा-इंदापूरमार्गे मोठा वळसा घ्यावा लागतो.

आगरदांड्याहून राजपुरी जवळच आहे. तिथून जंजिऱ्याला होडी मिळते. होडी माणसं भरल्यावर सुटते, त्यामुळे एकट्याला वेगळी ठरवावी लागत नाही. किल्ल्याच्या दारात होडी हेलकावत असताना पायरीवर उतरायचं असतं. हात मोकळे हवेत, पाठीला सॅक, पायात पकड असलेली पादत्राणं. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खालच्या पायऱ्या शेवाळामुळे निसरड्या असतात. नावाडी आत फिरायला ठरावीक वेळच देतात. म्हणून कलालबांगडी तोफ आणि गोड्या पाण्याचे तलाव आधी पाहून घ्यावेत. पिण्याचं पाणी सोबत न्यावं.

संभाजी महाराजांनी १६८२ साली हा किल्ला घेण्यासाठी समुद्रात भराव टाकून वाट बांधायला घेतली होती. तरी सिद्दीचा जंजिरा अजिंक्यच राहिला. आजही तिथे पोचायचं ते होडीनेच. तेव्हा परतीची जंगल जेट्टी दुपारीच धरा आणि म्हसळा-माणगावमार्गे उजेड असताना महामार्गाला लागा. एखादं ठिकाण पाहायचं राहिलं तरी चालेल, वेळ चुकवू नका.