वणवा आणि घराचा विमा: पॉलिसीचं पहिलं पान काढा

जानेवारी २०२५ मध्ये पॅसिफिक पॅलिसेड्स आणि अल्टाडीना जळताना आपण सगळ्यांनी पाहिलं. कॅलिफोर्नियात तुमचं घर असेल, तर आज पॉलिसीचं पहिलं पान काढा आणि 'ड्वेलिंग'समोरचा आकडा बघा.

हा घराचा बाजारभाव नव्हे. आपल्याकडे किमतीतला मोठा वाटा जमिनीचा असतो, आणि जमीन जळत नाही. हा आकडा म्हणजे तेच घर पुन्हा बांधायचा खर्च. पण वणव्यानंतर हजारो घरं एकदम बांधायला निघतात, मजुरी आणि सामान महागतं, आणि जुना आकडा तोकडा पडतो. म्हणून एजंटला विचारा, 'एक्स्टेंडेड रिप्लेसमेंट कॉस्ट' आहे का? २५ टक्के की ५०? बांधकामाच्या नव्या नियमांमुळे वाढणारा खर्च धरलाय का? मागे वाढवलेली खोली कंपनीला कळवलीय का?

दुसरीकडे राहायचा वाढीव खर्च वेगळ्या कलमातून मिळतो, पण त्यालाही मर्यादा असते.

कंपनीने नूतनीकरण नाकारलं आणि दुसरीकडेही विमा मिळेना, तर शेवटचा आधार फेअर प्लॅनचा. त्यात आग आणि धूर येतात. चोरी, फुटलेला पाइप, पायरीवरून घसरलेला पाहुणा येत नाहीत. त्यासाठी जोडीला 'डिफरन्स इन कंडिशन्स' पॉलिसी लागते. दोन-दोन हप्ते भरणं जिवावर येतं, खरंय.

आणि हो, फोन घेऊन घरभर व्हिडिओ काढा, कपाटं उघडून, देवघरासकट. तो क्लाउडवर ठेवा, घरातल्या हार्ड डिस्कवर नको.