पडद्यावरील भामटा
(खोटी धोक्याची सूचना कशी ओळखावी व तिचे काय करावे)

आपल्या ट्रस्टच्या कुटुंबांत आज असे घर क्वचितच सापडेल की जेथे संगणक अथवा मोबाइल नाही. मुलगा-सून अमेरिकेत किंवा पुण्या-मुंबईस आणि आईवडील येथे बडोद्यास, ही तर घरोघरची गोष्ट झाली आहे. नातवंडांचे मुख पाहावयाचे ते पडद्यावर, पेन्शन जमा झाले की नाही हे पाहावयाचे ते पडद्यावर, आणि विजेचे बिल भरावयाचे तेही पडद्यावरच. ज्या वाटेने माणसांची ये-जा वाढते त्या वाटेवर भामटेही येऊन बसतात, हा फार जुना अनुभव आहे. त्यांपैकी एका भामटेगिरीची माहिती सभासद बंधुभगिनींस व्हावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

तिचे स्वरूप असे. एखादे गृहस्थ संगणकावर बातम्या वाचीत असतात, किंवा एखाद्या भगिनी पाककृती शोधीत असतात. एकाएकी सारा पडदा तांबड्या किंवा निळ्या रंगाने भरून जातो. ‘तुमच्या संगणकात व्हायरस शिरला आहे, बँकेची माहिती चोरली जात आहे, संगणक बंद करू नका, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा’ अशा आशयाचा मजकूर, बहुधा इंग्रजीत, झळकतो. वर मायक्रोसॉफ्टसारख्या नामांकित कंपनीचे बोधचिन्ह असते. भोंगा वाजू लागतो. कधी एक यांत्रिक आवाज तोच इशारा पुनःपुन्हा देत राहतो. एक खिडकी बंद करावी तर दुसरी उघडते. माणूस घाबरून जातो. आणि त्याने घाबरावे हाच या सर्व देखाव्याचा उद्देश असतो.

वस्तुतः हे संगणकाने केलेले निदान नव्हे. ते इंटरनेटवरील एक पान आहे, इतकेच. भिंतीवर चिकटवलेल्या जाहिरातीला घरातील आजाऱ्याची नाडी पाहता येत नाही, त्याचप्रमाणे ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानाला आपल्या संगणकातील व्हायरस तपासता येत नाही. पान पूर्ण पडदाभर पसरवणे, बाण दिसेनासा करणे, आवाज काढणे, एवढ्या करामती मात्र त्याला येतात, आणि त्यामुळे संगणक अडकून पडल्याचा भास होतो. ही पाने बहुधा जाहिरातींच्या आडून येतात; फुकट चित्रपट दाखवणाऱ्या ठिकाणी ती फार आढळतात; आणि पत्ता टाइप करताना एखादे अक्षर चुकले तरीही ती पुढे उभी राहतात.

येथे मुख्य गोष्ट ध्यानात घ्यावी ती ही की, असे पान नुसते दिसल्याने सहसा काही चोरीस जात नाही. चोरी सुरू होते ती आपण फोन केल्यावर. हा चोर दार फोडून येत नाही. दार उघडण्याचे काम तो आपल्याच हातून करवून घेतो.

फोन केला म्हणजे पलीकडील इसम मोठ्या आदबीने बोलतो. ‘तपासणीसाठी’ एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर यांसारखे एखादे ॲप उतरवून घ्यावयास तो सांगतो. ही ॲपे स्वतः वाईट नव्हेत. दूर बसलेल्या जाणकारास दुसऱ्याचा संगणक चालवता यावा म्हणून ती निघाली. परंतु ती भामट्याच्या हाती दिली म्हणजे आपला पडदा त्याला दिसू लागतो व आपले बटण तो दाबू शकतो. पुढे विंडोजमधील ‘इव्हेंट व्ह्यूअर’ नावाची नोंदवही तो उघडून दाखवतो. तीत तांबड्या व पिवळ्या खुणांच्या पुष्कळ नोंदी असतात. त्या प्रत्येक धडधाकट संगणकात असतातच. पण अजाण माणसास तेच रोगाचे लक्षण भासते. मग दुरुस्तीचे पैसे मागितले जातात, किंवा ‘पैसे परत करतो’ या मिषाने बँकेचे खाते उघडावयास लावून ते रिकामे केले जाते.

खोटी सूचना ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. पहिली खूण, सूचनेत फोन क्रमांक असणे. मायक्रोसॉफ्टने स्वतःच जाहीर केले आहे की, तिच्या खऱ्या सूचनांत फोन क्रमांक कधीही नसतो. दुसरी खूण, घाई. ‘पाच मिनिटांत फोन करा, नाहीतर सर्व नष्ट होईल’ ही भाषा भामट्याची असते. तिसरी खूण, गडबड व भोंगा. चौथी खूण, संगणक बंद करण्यास मनाई. संगणक बंद केल्याने भामट्याचेच नुकसान होते, म्हणून तो तसे करू देत नाही.

आता उपाय. सूचनेवरील कोणत्याही बटणास, ‘रद्द करा’ असे लिहिलेल्या बटणासही, हात लावू नये. एस्केप ही कळ थोडा वेळ दाबून धरावी. पडदाभर पसरलेले पान बहुधा आकसते व ते बंद करता येते. न जमल्यास कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्यात, म्हणजे टास्क मॅनेजर उघडतो. त्यात ब्राउझरचे नाव निवडून तो बंद करावा. तेही न जमल्यास चालू-बंद करण्याचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे. संगणक बंद होईल. पुन्हा सुरू केल्यावर ‘पूर्वीची पाने उघडावीत काय?’ असे ब्राउझरने विचारल्यास नकार द्यावा. मोबाइलवर ते ॲपच बंद करावे.

फोन करून संगणक परक्याच्या हाती गेला असेल, तर प्रथम इंटरनेट तोडावे. दुसऱ्याच्या फोनवरून बँकेस कळवून खाते व कार्ड थांबवावे. बँकेचा क्रमांक पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागील बाजूवरून घ्यावा, इंटरनेटवर शोधून घेऊ नये. तेथेही खोटे क्रमांक पेरलेले असतात. लगेच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही ती करता येते. त्यानंतर ते ॲप काढून टाकावे व सर्व पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदलावेत. येथे विलंब फार महाग पडतो. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात. वेळीच कळवले तर ते वाटेत अडवता येण्याची आशा असते. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असे ठरवले की, ग्राहकाने गुप्त माहिती स्वतःच दिली असेल तर बँकेस कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे, आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. यावरून एकेका तासाची किंमत कळेल.

हा उद्योग चालतो कोठून? खेदाची गोष्ट अशी की, त्याची बरीच केंद्रे आपल्याच देशात निघाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र-२’ या मोहिमेत ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या. ॲमेझॉन व मायक्रोसॉफ्ट यांच्या तक्रारींवरून, त्या कंपन्यांचे तंत्रज्ञ म्हणवून परदेशी लोकांना लुबाडणारी कॉल सेंटरे त्यांत होती. त्याआधी ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथे छापे घालून सुमारे ७० जणांना अटक केली होती. तेथील सोंग करवसुली अधिकाऱ्याचे होते, पण घाबरवून पैसे उकळण्याची रीत हीच. आणि त्या प्रकरणाचे धागे अहमदाबादेपर्यंत पोहोचले. अमेरिकेच्या तपासयंत्रणेकडे एकट्या २०२३ या वर्षी खोट्या तंत्रसाहाय्याच्या तक्रारींत ९२ कोटी डॉलरांहून अधिक नुकसान नोंदले गेले. फसलेल्यांत साठीपुढील माणसे फार.

म्हणून घरातील तरुणांसही दोन शब्द सांगणे अवश्य वाटते. ‘इंग्रजी बोलता आले की पुरे, रात्रपाळी, भरपूर पगार’ अशी नोकरी चालून आली तर फोनवर नेमके काय बोलावयाचे आहे हे आधी विचारावे. तोतयेगिरी करून संगणकाद्वारे फसवणूक केल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ड प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आपल्या मुलाचा पगार कोणा परक्या म्हातारीच्या पुंजीतून येणार असेल, तर तो कोणत्या घरास हवा आहे?

शेवटी एक विनंती. अशा प्रकारांत पैशापेक्षाही अधिक घात करते ती लाज. ‘मुलांना कळले तर काय म्हणतील’ या विचाराने वडीलधारी माणसे दोन-दोन दिवस गप्प राहतात, आणि तेवढ्यात पैसा हाताबाहेर जातो. फसवणूक अडाण्यांचीच होते हा समज खोटा आहे. निवृत्त अधिकारी व प्राध्यापकही यात सापडले आहेत. म्हणून मुलांनी आईवडिलांस आजच सांगून ठेवावे की, असे काही झाले तर कोणत्याही वेळी आम्हांस फोन करा, आम्ही रागावणार नाही. आणि वडीलधाऱ्यांनी १९३० हा आकडा व आपल्या बँकेचा क्रमांक भिंतीवरील दिनदर्शिकेवर ठळक अक्षरांत लिहून ठेवावा. संकटाच्या वेळी पडद्यावरच्या क्रमांकाकडे नव्हे, तर भिंतीवरच्या क्रमांकाकडे नजर जावी.