दरीत न उतरलेला रस्ता

ऑगस्टात फ्रान्स बंद असतो म्हटलं तरी चालेल. पॅरिसचा माणूस बायकामुलं, छत्र्या आणि सायकली गाडीवर लादून दक्षिणेच्या समुद्राकडे निघतो, आणि १९९० च्या दशकात तो हमखास मियोला अडकायचा. मियो हे तार्न नदीच्या काठचं वीस-बावीस हजार वस्तीचं गाव. दोन्ही बाजूंना चुनखडीची उंच पठारं, मध्ये खोल दरी आणि दरीच्या तळाशी गाव. राष्ट्रीय मार्ग क्रमांक ९ एका पठारावरून नागमोडी वळणं घेत खाली यायचा, गावातल्या चौकांमधून आणि नदीवरच्या पुलावरून वाट काढायचा आणि समोरच्या घाटाने पुन्हा वर चढायचा. सुट्टीच्या शनिवारी कित्येक किलोमीटर रांगा लागत आणि माणसं तासन्‌तास उन्हात बसून राहत. गणपतीला गावी जाताना वडखळ नाक्यावर इंजिन बंद करून ज्याने शेंगदाण्याची पुडी संपवली आहे, त्याला याहून जास्त सांगायला नको.

क्लेरमों-फेराँपासून बेझिएपर्यंतचा ३४० किलोमीटरचा ए-७५ हा नवा महामार्ग तुकड्यातुकड्याने तयार होत आला होता. पॅरिसहून भूमध्य समुद्राकडे जाण्याची ती सर्वांत जवळची वाट. अडत होतं ते फक्त मियोपाशी. गावाला बाह्यवळण काढायचं एवढाच खरं तर प्रश्न होता, आणि असला प्रश्न आपल्याकडे तालुक्यातालुक्यात असतो. गावाबाहेरच्या चार शेतांतून रस्ता फिरवला की झालं. पण मियोच्या बाहेर शेतं नव्हती, दरी होती.

आधी चार दिशांनी आखण्या करून पाहिल्या आणि गावाच्या पश्चिमेची वाट ठरली. मग वाद उरला तो उंचीचा. एक मार्ग असा, की रस्ता बराचसा खाली उतरवायचा, नदीवर दोनशे मीटर उंचीचा पूल घालायचा आणि समोरच्या लार्झाक पठारात बोगदा खणून वर निघायचं. दुसरा मार्ग म्हणजे उतरायचंच नाही. या कड्यावरून त्या कड्यावर अडीच किलोमीटर सरळ जायचं. पहिला ऐकायला शहाणपणाचा वाटतो. पण जेवढं उतराल तेवढं चढावं लागतं. ट्रकांना चढण, हिवाळ्यात घसरण, वर पूल आणि बोगदा असा दुहेरी खर्च. १९९१ मध्ये उंच मार्ग निवडला गेला. वेडेपणा वाटणारा पर्याय हिशेबात सरळ निघाला, आणि मला या पुलाच्या कहाणीत हा क्षण सगळ्यांत आवडतो. याच महामार्गाने जाताना उत्तरेला गाराबीचा लोखंडी रेल्वेपूल दिसतो, गुस्ताव्ह आयफेलच्या कंपनीने १८८० च्या दशकात उभारलेला. तिथेही आगगाडीला दरीत उतरवायचं नाही हाच निर्णय आधी झाला होता.

पुलाचं दक्षिण टोक ज्या लार्झाकवर टेकतं, तो मुलूख मेंढ्यांचा आणि हट्टी माणसांचा. इथल्या मेंढ्यांचं दूध रोकफोरच्या गुहांमध्ये जातं आणि त्याचं निळ्या बुरशीचं चीज होतं. दूध माणसाला हवं म्हणून कोकरं लवकर मारली जातात, आणि त्यांच्या मऊ कातड्यावर मियोचा हातमोज्यांचा धंदा वाढला. १९७१ मध्ये सरकारने पठारावरची लष्करी छावणी वाढवायचं ठरवलं, तेव्हा १०३ शेतकऱ्यांनी जमीन न सोडण्याची शपथ घेतली. त्यांनी पॅरिसला जाऊन आयफेल टॉवरखाली मेंढ्या चारल्या. दहा वर्षांनी, १९८१ मध्ये, ते जिंकले. या लढ्याला अहिंसेचं वळण देणाऱ्यांत लान्झा देल व्हास्तो हा इटालियन वंशाचा माणूस होता. १९७२ मध्ये त्याने इथे पंधरा दिवस उपास केला. उपास तो शिकला होता वर्ध्यात. १९३७ च्या सुमारास तो गांधीजींकडे राहिला होता आणि त्यांनी त्याचं नाव शांतिदास ठेवलं होतं. पुलाच्या गोष्टीत हे आडवळण आहे, मला कबूल. पण ज्या पठारावर वर्ध्याचं बी रुजलं, तिथे हा पूल टेकला आहे हे कळल्यावर मराठी माणसाला ते गाळवेल कसं?

पुलाची मूळ कल्पना मिशेल व्हिर्लोजो या फ्रेंच अभियंत्याची. सरकारी खात्यात पुलांचा विभाग सांभाळलेला हा माणूस. सेनच्या मुखावरचा नॉर्मंडी पूलही त्याचाच. १९९६ च्या स्पर्धेत निवडलेल्या आराखड्याचे वास्तुविशारद होते इंग्लंडचे नॉर्मन फॉस्टर. जगभर फोटोखाली फॉस्टर यांचं नाव छापलं जातं, व्हिर्लोजोचं क्वचितच. फॉस्टर यांनी खांबांना, रेषांना जो देखणेपणा दिला तो कोणी नाकारणार नाही. पण लग्नात घोड्यावर कोण बसला होता आणि मांडव कोणी घातला होता, हे दोन्ही लक्षात ठेवावं.

रूप अगदी साधं आहे. सात खांब, आठ गाळे. कडेचे दोन गाळे २०४ मीटरचे, मधले सहाही ३४२ मीटरचे. प्रत्येक खांबाच्या डोक्यावर, डेकच्या म्हणजे रस्त्याच्या पट्ट्याच्या वर, ८७ मीटरचा मनोरा आणि त्यातून दोन्हीकडे उतरणाऱ्या पोलादी तारांच्या अकरा जोड्या. त्या तारांनी डेक तोलून धरलेला. एकूण लांबी २४६० मीटर. दुसरा खांब २४५ मीटर उंच आणि मनोऱ्याच्या टोकापर्यंत मोजलं तर ३४३ मीटर, म्हणजे आयफेल टॉवरपेक्षा जास्त. बांधला तेव्हा या मोजणीने तो जगातला सर्वांत उंच पूल होता. नदीपासून रस्ता २७० मीटरवर. मुंबई विद्यापीठाचे तीन राजाबाई टॉवर एकावर एक रचले, तरी तिसऱ्याचा कळस रस्त्याच्या पोटाला लागणार नाही.

खांब पाहताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. तळाशी तो एकसंध, रुंद असतो आणि शेवटच्या नव्वद मीटरमध्ये त्याचे दोन बारीक खांब होतात, बेचक्यासारखे. हा नुसता दागिना नव्हे. डेक लोखंडाचा आहे, आणि लोखंड उन्हाने लांबतं, थंडीने आखडतं. थंडी-उन्हाळ्यातला फरक चाळीस अंशांचा धरला, तर २४६० मीटरच्या पट्ट्यात सव्वा मीटरच्या जवळपास फरक पडतो. मधल्या खांबांना त्याचा त्रास कमी, टोकाच्या खांबांना जास्त. खांब ताठ ठेवला तर तडकेल, लवचीक ठेवला तर वाऱ्यात डुलेल. दुभंगलेला खांब पुलाच्या लांबीच्या दिशेने हलकेच झुकतो, पण पिळाला आणि आडव्या वाऱ्याला ताठ राहतो.

१४ डिसेंबर २००१ ला कोनशिला बसली. प्रत्येक खांबाखाली चार विहिरी खणल्या, पाच मीटर व्यासाच्या आणि सुमारे पंधरा मीटर खोल. त्या काँक्रीटने भरल्या आणि वर जाड चौथरा घातला. मग खांब चढू लागले. आपापलं वर सरकणारं शटरिंग, त्यात चार मीटर काँक्रीट, ते धरलं की शटरिंग पुढच्या चार मीटरला. साधारण तीन दिवसांत एक टप्पा. खांब वर निमुळता होत जातो, म्हणून साचाही दर टप्प्याला बदलावा लागे. एवढ्या उंचीवर ओळंबा कसला लावणार? उपग्रह आणि लेझरवरून मोजणी चाले आणि चूक मिलिमीटरमध्ये धरली जाई. २००३ च्या डिसेंबरपर्यंत सातही खांब उभे राहिले.

आता खरी गंमत. डेकचं वजन ३६ हजार टन, म्हणजे पाच आयफेल टॉवरच्या लोखंडाएवढं. ते अडीचशे मीटर उंचीवर नेऊन जोडायचं कसं? क्रेनने एकेक तुकडा उचलून अधांतरी वेल्डिंग करायचं, तर वाऱ्याच्या मर्जीवर राहायचं आणि माणसांचे जीव टांगणीला लावायचे. म्हणून त्यांनी डेक वर चढवलाच नाही. दोन्ही पठारांवर, पक्क्या जमिनीवर, कारखान्यातून आलेले तुकडे जोडले आणि तयार झालेला रस्ताच्या रस्ता कड्यावरून पुढे, पोकळीत सरकवला. दक्षिणेकडून १७१७ मीटर, उत्तरेकडून ७४३. गाळे अर्धे करण्यासाठी खांबांच्या मध्ये लाल रंगाचे सात तात्पुरते लोखंडी मनोरे उभारले होते. आठपैकी एकाच गाळ्यात मनोरा नव्हता, कारण खाली नदी होती.

सरकवायचं म्हणजे मागून ढकलायचं, असं आपल्याला वाटतं. तसं केलं असतं, तर डेकच्या घर्षणाने उंच खांबांची डोकी पुढे रेटली गेली असती. म्हणून ढकलण्याचं काम प्रत्येक टेकूवरच केलं. घरातलं जड कपाट आपण फरशीवरून घासत नेत नाही. चार कोपऱ्यांना चार जण धरतात, कोणीतरी ‘हं, उचला’ म्हणतं, कपाट बोटभर उठतं, वीतभर पुढे जातं आणि परत टेकतं. इथे तेच. प्रत्येक खांबावर जॅकने चालणाऱ्या पोलादी पाचरी होत्या. खालची पाचर आत सरकली की डेक किंचित उचलला जाई. मग वरचा भाग त्याला ६० सेंटिमीटर पुढे नेई. खालची पाचर मागे आली की डेक पुन्हा टेकूवर बसे आणि वरचा भाग रिकामा मागे येई. एका फेरीला चार मिनिटं, तासाला नऊ मीटर. गोगलगाय मनात आणेल तर याहून वेगाने जाईल. सगळ्या टेकूंवरच्या पाचरी एकाच वेळी हलायला हव्यात, म्हणून ‘हं, उचला’ म्हणण्याचं काम संगणकाकडे. दोन्ही बाजूंच्या डेकच्या शेंड्यावर सात कायमच्या मनोऱ्यांपैकी एकेक तारांसह आधीच उभा केला होता, पुढे झुकणारं टोक वर धरून ठेवायला. २८ मे २००४ ला तार्नच्या वर दोन्ही टोकं भेटली. उरलेले पाच मनोरे मग आडवे घालून डेकवरूनच नेले आणि जागेवर उभे केले. नोव्हेंबरमध्ये २८ ट्रक, मिळून सुमारे ९०० टन, पुलावर एकत्र उभे केले तेव्हा डेक २६ सेंटिमीटर वाकला आणि ट्रक निघताच परत आला.

रस्ता अगदी सरळ नाही. वीस किलोमीटर त्रिज्येचं अतिशय मंद वळण त्याला आहे आणि तीन टक्क्यांचा चढ. त्यामुळे गाडी चालवणाऱ्याला पुढचे खांब आणि तारा एका बाजूला पंख्यासारख्या उघडताना दिसतात, आणि आपण हवेत तरंगतोय ही भीती कमी होते. कडेला तीन मीटर उंचीचे पारदर्शक आडोसे आहेत. ते वारा निम्मा करतात, पूर्ण अडवत नाहीत. पूर्ण अडवला असता, तर त्याचं ओझं खांबांवर आलं असतं.

खर्च सुमारे ४० कोटी युरो, आणि तो सरकारने केला नाही. एफाज या कंपनीने केला, बदल्यात २०७९ पर्यंत टोल घेण्याचा हक्क मिळवला. ए-७५ बहुतेक सगळा फुकट आहे, पैसे पडतात ते या पुलाचे. जुलै-ऑगस्टमध्ये दर आणखी चढा. मुरगळलेल्या पानासारखं काँक्रीटचं छत असलेला तो टोलनाका पुलाच्या थोडा अलीकडे, उत्तरेला आहे. १४ डिसेंबर २००४ ला, कोनशिलेला बरोबर तीन वर्षं झाली तेव्हा, राष्ट्राध्यक्ष जाक शिराक यांनी उद्घाटन केलं. दोन दिवसांनी वाहतूक सुरू झाली, ठरलेल्या मुदतीच्या आधी. आपल्याकडच्या वाचकाने हे वाक्य पुन्हा वाचलं तरी चालेल.

बाह्यवळण झालं की गाव मरतं, ही भीती मियोच्या हॉटेलवाल्यांनाही होती. ज्यांच्या कोंडीवर त्यांच्या कॉफीचा गल्ला चाले, ते आता अडीचशे मीटर वरून निघून जाणार होते. झालं उलटंच. बांधकाम चालू असल्यापासूनच माणसं पूल पाहायला येऊ लागली, आणि पूल पाहायचा तर तो पुलावरून दिसत नाही, खाली उतरावं लागतं. उत्तर टोकाला जुन्या शेतघराजवळ वाहनं थांबवायची जागा केली, तीही भरून वाहू लागली. पुलावर तर गाड्या आपसूकच हळू होत. लोक खिडकीतून फोटो काढत. शेवटी ताशी १३० किलोमीटरची वेगमर्यादा ११० वर आणली. कोंडी फुटावी म्हणून केलेल्या रस्त्यावर माणसं पाहण्यासाठी रेंगाळत होती.

२००७ पासून पुलावर धावण्याची शर्यतही होते, २३.७ किलोमीटरची. धावणारे मियो गावातून सुटतात, धापा टाकत पठार चढतात, पुलावरून पलीकडे जाऊन परत येतात आणि गावात उतरतात. त्या सकाळी पूल मोटारींना बंद असतो. मोटारींना मग जुनाच रस्ता घ्यावा लागतो, वळणं घेत खाली, मियोच्या चौकांमधून, आणि समोरचा घाट चढून वर.