दवाखान्यातही विचारायला शिका



बियाण्याची पिशवी घेताना आपण दुकानदाराला चार प्रश्न विचारतो. वाण कोणते, उगवण किती, पावती कुठे? तोच माणूस दवाखान्यात खाटेजवळ मात्र हात बांधून गप्प उभा राहतो आणि घरी आल्यावर म्हणतो, "तिथं कुणी लक्षच देत नाही!"

माझ्या घरचीच गोष्ट सांगतो. काही वर्षांमागे भातकापणीत धाकट्या भावाला घोणस चावली. पाय सुजू लागला. लगेच तालुक्याच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी रक्त काढून काचेच्या नळीत घातले आणि नळी कोपऱ्यात उभी करून ठेवली. पंधरा मिनिटे तिला कोणी हात लावला नाही. आई चिडली, "पोराचं रक्त काढून तसंच टाकलंय! चला, देवऋष्याकडे नेऊ." मी शेतकीचा पदवीधर, पण क्षणभर मीही डळमळलो.

इतक्यात सिस्टर आल्या. म्हणाल्या, "आजी, ती नळी हलवायची नसते. वीस मिनिटांत रक्त गोठलं तर ठीक. नाही गोठलं तर विष रक्तात उतरलं, लस द्यायची. लसीनंतर सहा तासांनी पुन्हा बघायचं." आई खाली बसली. रक्त गोठले नव्हतेच. लस दिली. भाऊ आज शेतात राबतो आहे.

उपचार आधीही बरोबरच चालले होते. पण कोणी सांगितले नव्हते, म्हणून आम्ही पेशंट उचलून निघालो होतो. अर्थात नुसते गोड बोलणे म्हणजेही चांगली सेवा नव्हे. लसच शिल्लक नसती, तर त्या बोलण्याचा काय उपयोग?

म्हणून विचारा: आजार काय? हे औषध कशासाठी? धोका कोणता? पुन्हा कधी दाखवायचे? राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेली रुग्णहक्कांची सनद २०१८ साली पुढे आली. तिच्यात पहिलाच हक्क माहितीचा आहे. उपचाराचे कागद मागितले तर डॉक्टरांनी ते ७२ तासांत द्यावेत, असा नियम २००२ पासून आहे. सरकारी रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते. तक्रार असेल तर तिच्याकडे लेखी द्या. पारावर बसून कुरकुर केल्याने काही सुधारत नाही.

आणि सेवा चांगली मिळाली, तर तेही तोंडावर सांगा. घरी निघताना आईने त्या सिस्टरांवरून कडाकडा बोटे मोडली होती.