फॉरवर्ड करून बघा!

व्हिडिओ लायब्ररीच्या काउंटरवर कॅसेट परत देताना गिऱ्हाईक जे बोलायचं, ती ऐंशीच्या दशकातली सर्वांत रोखठोक चित्रपटसमीक्षा. ‘एकदा बघायला हरकत नाही’, ‘पैसे वसूल’, ‘घरच्यांबरोबर नका बघू’, आणि सगळ्यांत जिव्हारी लागणारा शेरा म्हणजे ‘फॉरवर्ड करून बघा’. वर्तमानपत्रातला समीक्षक थिएटरात बसून लिहायचा, त्याच्या हाती रिमोट नव्हता. लायब्ररीच्या सभासदाच्या हाती होता. गाणं असो, मारामारी असो की आईचं मरण, बटण दाबलं की पुढे! त्यामुळे झालं असं, की थिएटरात आपटलेले काही चित्रपट घरोघरी डोक्यावर घेतले गेले आणि थिएटर गाजवलेल्या काहींची घरात पार रया गेली.

मुंबईत वॉर्डन रोडवर १९६२ साली पुस्तकं भाड्यानं देणारं ‘शेमारू’ नावाचं वाचनालय निघालं. १९७९मध्ये त्याच मंडळींनी व्हिडिओ कॅसेट भाड्यानं द्यायला सुरुवात केली. कादंबरी घरी न्यावी तसा सिनेमा घरी न्यायचा. १९८२च्या एशियाडच्या सुमारास रंगीत टीव्ही आला, पाठोपाठ व्हीसीआर घरात शिरले आणि गल्लोगल्ली लायब्रऱ्यांच्या पाट्या लागल्या. तरी यंत्र विकत घेणं मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेरचंच. मग चाळीत नाहीतर सोसायटीत वर्गणी निघायची आणि एका रात्रीसाठी टीव्ही, व्हीसीआर आणि तीन-चार कॅसेट असा सगळा सरंजाम भाड्यानं यायचा. पैसे रात्रीचे मोजलेले, तेव्हा झोपायचा प्रश्नच नव्हता. आधी आजी-आजोबांसाठी कौटुंबिक, मग मारधाड आणि पोरंसोरं पेंगायला लागली की भुताचा, असा क्रम बहुतेक ठिकाणी आपोआप लागायचा.

थिएटर गाजवून घरात रया गेलेल्यांतला पहिला बळी ‘शोले’. हे वाक्य वाचून काही वाचक अंक मिटतील, पण हिशेब साधा आहे. १९७५चा हा चित्रपट ७० मिमीच्या रुंद पडद्यासाठी आणि स्टिरिओफोनिक आवाजासाठी बेतलेला. मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षं चालला तो त्या भव्यतेच्या जोरावर. टीव्हीचा पडदा तेव्हा जवळजवळ चौकोनी. रुंद चित्र त्यात बसवायचं तर दोन्ही बाजू कापायच्या, नाहीतर वर-खाली काळे पट्टे सोडायचे. रामगढचा तो खडकाळ माळ वीस इंचांत मावणार कसा? त्यात चित्रपट सव्वातीन तासांहून मोठा आणि नेहमीच्या ई-१८० कॅसेटवर टेप १८० मिनिटांची. म्हणजे दोन कॅसेट, नाहीतर कुठेतरी कात्री. पण व्हिडिओनं या चित्रपटाचं एक देणंही फेडलं. आणीबाणीच्या काळात सेन्सॉरच्या आग्रहामुळे शेवट बदलावा लागला होता. ठाकूर गब्बरला संपवतो तो मूळ शेवट लोकांना बऱ्याच वर्षांनी व्हिडिओवर बघायला मिळाला.

विनोदी चित्रपटांचं गणित नेमकं उलटं. कुंदन शाह यांचा ‘जाने भी दो यारो’ १९८३ साली आला तेव्हा थिएटरात त्यानं काही गर्दी खेचली नाही. एनएफडीसीच्या तुटपुंज्या पैशांत केलेलं काम, गाणी जवळपास नाहीत, आणि दोन्ही नायक शेवटी हरतात. पैसे देऊन तिकीट काढणाऱ्यानं हे का बघावं? पण घरात तो दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा बघितला की गमती सापडायला लागतात. नसीरुद्दीन शाह आणि रवी बासवानी यांच्या पात्रांची नावं विनोद चोप्रा आणि सुधीर मिश्रा आहेत, म्हणजे चक्क चित्रपटाच्याच चमूतल्या दोघांची. फोटो मोठा करत गेल्यावर खून दिसतो त्या बागेचं नाव अँतोनियोनी पार्क, कारण ‘ब्लो-अप’ हा तशाच कथेचा चित्रपट अँतोनियोनीचा. शेवटच्या महाभारताच्या नाटकात सतीश शाह यांच्या पात्राचं प्रेत द्रौपदी होऊन मंचावर येतं तेव्हा एका चौकटीत चार-चार जण एकाच वेळी गोंधळ घालत असतात. रिवाइंडचं बटण नसतं तर त्यातला निम्मा गोंधळ निसटलाच असता.

‘अंदाज अपना अपना’चंही तसंच. १९९४च्या दिवाळीत लागला, आमिर आणि सलमान दोघं असूनही थिएटरात फारसा चालला नाही, आणि पुढे कॅसेट व टीव्हीवर त्याचे संवाद लोकांना तोंडपाठ झाले. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) थिएटरातही चालला होता, पण तो जिभेवर बसला तो घरात वारंवार बघून. भाड्याच्या खोलीसाठी पुरुषांनी बायका व्हायचं ही कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’मधून (१९६६) आली. पुण्यातल्या जागेच्या टंचाईत ती चपखल बसली, आणि त्यावर वसंत सबनीसांचे संवाद. आजही लग्नाच्या खरेदीत कोणी लिंबू कलरची साडी उचलली की दुकानात एकतरी जण हसतोच.

भुताच्या चित्रपटांना रिमोटनं वेगळाच फायदा करून दिला. रामसे बंधूंच्या ‘पुराना मंदिर’मध्ये (१९८४) सामरी नावाचा अजस्र सैतान आहे आणि त्याच्याच जोडीला जगदीप यांची ‘शोले’ची टिंगल करणारी मच्छरसिंगची उपकथा आहे. थिएटरात दोन्ही गिळावं लागे. घरात मच्छरसिंग पळवला की उरतो तो आटोपशीर आणि बऱ्यापैकी भीतिदायक चित्रपट. याउलट सॅम रेमीच्या ‘ईव्हिल डेड’मध्ये (१९८१) पळवण्यासारखं काही नाही, जंगलातलं एक खोपट, पाच तरुण आणि अंगावर येणारा कॅमेरा. ब्रिटनमध्ये या कॅसेटवर खटले झाले, आपल्याकडे कॉलेजातली पोरं ती ‘एकट्यानं बघून दाखव’ म्हणून पैजेवर नेत. लायब्ररीतून ‘चाइल्ड्स प्ले’ (१९८८) आधीच नेलेल्यांना महेश कोठारेंचा ‘झपाटलेला’ (१९९३) बघताना बाहुल्याची वंशावळ लगेच कळली. ‘चाइल्ड्स प्ले’मधला बाहुला चकी जास्त घाबरवतो हे खरं. पण रामदास पाध्ये यांच्या हातचा आणि दिलीप प्रभावळकरांच्या रूपात आधी भेटलेला तात्या विंचू अस्सल इथला वाटतो, आणि घरातली मुलं त्याच्याच बाजूनं होती.

रडवणाऱ्या चित्रपटांना मात्र घर मानवलं नाही. अलका कुबल यांचा ‘माहेरची साडी’ (१९९१) राजस्थानी ‘बाई चाली सासरिये’वरून बेतलेला. थिएटरात तो चालला कारण शेजारची अनोळखी बाईही रडत असायची. घरात सासूबाई मागेच बसलेल्या असताना सुनेनं कुणाच्या छळावर डोळे पुसायचे?

परदेशी चित्रपटांपैकी ‘द गॉड्स मस्ट बी क्रेझी’ (१९८०) सगळ्या वयांना चालायचा. इंग्रजी कळलं नाही तरी अडत नसे. आकाशातून कोका-कोलाची बाटली कलहारीच्या वाळवंटात पडते आणि टोळीत भांडणं लागतात. गंमत अशी, की तो बघणाऱ्या भारतीय पोरांनाही ती बाटली जवळपास तितकीच अपरिचित होती. कोका-कोला १९७७ साली देश सोडून गेला होता आणि १९९३पर्यंत परतला नाही.

काउंटरवरच्या या मतांमध्ये यंत्राचाही वाटा होता. पडद्यावर मुंग्या आल्या की ट्रॅकिंगचं बटण फिरवायचं, तरी जमलं नाही तर व्हीसीआरचा हेड स्पिरिटनं पुसायचा. कोकणात पावसाळ्यात टेपवर पांढरी बुरशी धरायची आणि एका बुरसट कॅसेटनं खराब झालेला हेड पुढच्या चांगल्या कॅसेटचीही वाट लावायचा. अशा रात्री ‘पिक्चर बकवास होता’ असा निकाल लागला तर त्यात दिग्दर्शकाचा दोष किती, हा प्रश्नच होता. त्यातून कॅसेट थिएटरात लपून चित्रित केलेली असेल तर पुढच्या रांगेतल्या प्रेक्षकाचं डोकंही कथानकात यायचं. १९८४ साली कॉपीराइट कायदा दुरुस्त झाला, कॅसेटवर सेन्सॉरचं प्रमाणपत्र आणि हक्कदाराचं नाव-पत्ता दाखवणं सक्तीचं झालं, कैद तीन वर्षांपर्यंत आणि दंड दोन लाखांपर्यंत वाढला. तरी चोरटा माल काउंटरखालून येतच राहिला.

नव्वदीत केबल आली, मग सीडी आल्या आणि कॅसेटची कपाटं रिकामी होत गेली. तोवर लायब्ररीनं अनेक पडेल चित्रपटांना दुसरी संधी दिली होती, पण सगळ्यांना नाही. पु. ल. देशपांडे यांनी पटकथा लिहिलेला, जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेला ‘एक होता विदूषक’ (१९९२) थिएटरात पडला. घरी आणून निवांत बघावा असाच तो होता, तमाशातल्या सोंगाड्याचा राजकारणापर्यंतचा प्रवास हळूहळू उलगडणारा. पण कव्हरवर लक्ष्मीकांत बेर्डे दिसले की गिऱ्हाईक हसायच्या तयारीनं कॅसेट न्यायचं, आणि पहिल्या अर्ध्या तासात पोट धरून हसायला मिळालं नाही, की अंगठा त्याच बटणाकडे वळायचा.