वारसाची परीक्षा वेगळी: ऑब्जेक्ट-ओरिएंटेड सॉफ्टवेअरच्या चाचणीविषयी

मागच्या व्याख्यानात आपण न्यायदर्शनातल्या जाती आणि व्यक्ती या कल्पना पाहिल्या. ‘गोत्व’ ही जाती, आणि दावणीला बांधलेली ही एक गाय म्हणजे व्यक्ती. व्याख्यान संपल्यावर इंजिनिअरिंगच्या काही मुलांनी आम्हाला गाठलं. म्हणाले, ‘सर, हे तर आमचं क्लास आणि ऑब्जेक्ट!’ तुलना तंतोतंत नाही, पण जवळची आहे. त्यांचा खरा प्रश्न पुढे होता. क्लास तपासला, सगळ्या टेस्ट पास झाल्या, तरी सॉफ्टवेअर चुकतं कसं? आज या प्रश्नाकडे बघू.

उदाहरण आपल्या परभणीकरांच्या रोजच्या व्यवहारातलं घेऊ. समजा, बँकेसाठी ‘खाते’ नावाचा क्लास लिहिला. त्यात ‘पैसे काढ’ ही मेथड आहे. ती ‘उपलब्ध रक्कम’ या दुसऱ्या मेथडला विचारते, किती देता येतील? मागणी त्यात बसली तर पैसे देते आणि शिल्लक कमी करते. साध्या खात्यात उपलब्ध रक्कम म्हणजे शिल्लक. बारा हजार शिल्लक असताना पंधरा हजार मागितले, तर नकार. हे सगळं नीट तपासलं, बिनचूक निघालं.

आता या क्लासचा एक वारस तयार केला: ‘पीककर्ज खाते’. इथे शिल्लक शून्याखाली जाते, कारण पैसे बँकेचे. मर्यादा 1,00,000 रुपये. ‘पैसे काढ’ जशीच्या तशी वारशाने आली. फक्त ‘उपलब्ध रक्कम’ नव्याने लिहिली: मर्यादेतून शिल्लक वजा. चाचणी घेतली. खातं नवं, शिल्लक शून्य, उपलब्ध 1,00,000. पास!

पेरणीच्या वेळी शेतकऱ्याने 40,000 काढले. शिल्लक झाली उणे 40,000. आता एक लाखातून उणे चाळीस हजार वजा करा. उत्तर येतं 1,40,000! खरं उत्तर 60,000. वजाबाकीच्या जागी बेरीज हवी होती. फवारणीच्या वेळी त्याने 80,000 मागितले, तर मशीन देऊन मोकळं. अंगावर कर्ज 1,20,000. चूक एका चिन्हाची, पण वसुलीची नोटीस येते ती शेतकऱ्याच्या घरी.

इथे बघा, ‘पैसे काढ’ या मेथडमधलं एक अक्षरही बदललं नव्हतं. तरी तिचं वागणं बदललं, कारण ती ज्याला विचारते तोच बदलला. 1990 मध्ये ड्युएन पेरी आणि गेल कैसर या अभ्यासकांनी नेमका हाच मुद्दा मांडला. तोवर पुष्कळांची समजूत अशी होती की, मूळ क्लास तपासला की वारशाने आलेला भाग पुन्हा तपासायला नको. त्यांनी दाखवलं की, नव्या संदर्भात तोच कोड पुन्हा तपासावा लागतो. पुढे 1992 मध्ये मेरी जीन हॅरोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, वारसात कोणत्या चाचण्या पुन्हा घ्यायच्या आणि कोणत्या टाळता येतात, हे ठरवण्याची रीत दिली.

पण नव्या खात्याची चाचणी पास का झाली? आपले नैयायिक याला ‘उपाधी’ म्हणतील. स्वयंपाकघरात पाहिलं, यज्ञात पाहिलं, जिथे अग्नी तिथे धूर. म्हणून नियम करावा का? नाही. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर होता तो ओल्या सरपणामुळे. ओलं सरपण ही उपाधी, नियमाआड लपलेली अट. आपल्या खात्यात ‘शिल्लक शून्य’ ही तशीच उपाधी होती. शून्य मिळवलं काय, वजा केलं काय, उत्तर एकच! अशाच शंभर चाचण्या घेतल्या असत्या, तरी शंभरही पास झाल्या असत्या.

म्हणून चाचणी म्हणजे होकार गोळा करणं नव्हे, उपाधी शोधणं. ऑब्जेक्टला स्वतःची अवस्था असते, कालच्या व्यवहाराची आठवण असते. तेव्हा मेथड सुटी तपासून भागत नाही, क्रमाने तपासावी लागते: काढा, पुन्हा काढा, भरा, परत काढा. सीमेवर उभं राहून बघा. 60,000 मिळतात का, आणि 60,001 ला नकार येतो का? मूळ क्लासच्या ज्या चाचण्या वारसालाही लागू पडतात, त्या वारसावर पुन्हा चालवा. हे हाताने करणं कंटाळवाणं. 1997 मध्ये केंट बेक आणि एरिक गामा यांनी जावा भाषेसाठी जेयुनिट हे साधन केलं. त्यामुळे एकदा लिहिलेल्या चाचण्या हव्या तितक्या वेळा आपोआप चालवता येऊ लागल्या.

शेवटी सांध्यांचा प्रश्न. 2017 ची कर्जमाफी आपल्याला आठवते. दीड लाखापर्यंतचं कर्ज माफ होणार होतं, अर्ज ऑनलाइन होते. ते बँकांच्या माहितीशी ताडताना एकाच आधार क्रमांकावर अनेक खातेदार अशा विसंगती निघाल्या, आणि शेतकऱ्यांच्या खात्यात पैसे पोचायला उशीर झाला. अर्ज घेणारा भाग चालतो, यादी देणारा भागही चालतो. पण एकाची माहिती दुसऱ्याला जुळते का, ही तिसरीच परीक्षा असते. ऑब्जेक्टही एकमेकांना निरोप पाठवूनच काम करतात. म्हणून जोडून तपासायचं, आणि तेही घोळ असलेल्या खऱ्यासारख्या माहितीवर.

डच संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा सांगत असत की, चाचणीतून दोष आहेत एवढं दिसतं, ते नाहीत हे सिद्ध होत नाही. मुलांनी यावर विचारलं, मग थांबायचं कधी? उत्तर सोपं नाही. पण कर्जखात्याचं सॉफ्टवेअर आणि खेळाचं सॉफ्टवेअर यांना एकच उत्तर लागू नाही, एवढं तरी नक्की. चूक कोणाच्या अंगावर येणार, हे आधी विचारावं लागतं. तो प्रश्न पुढच्या व्याख्यानात घेऊ. तोवर आपापल्या कोडमधली एखादी पास झालेली टेस्ट काढा आणि तिच्यातलं ओलं सरपण शोधा.