मागील पानावरून पुढे

माझे वडील दुकानाची कीर्द स्वहस्ते लिहीत. पान संपले की तळाशी बेरीज मांडीत, नव्या पानाच्या शिरोभागी ‘मागील पानावरून’ असे लिहून ती रक्कम उतरवून घेत आणि मगच पुढील नोंद करीत. या दोन शब्दांचे मोल मला बालरोगचिकित्सेत बरीच वर्षे घालविल्यावर उमगले.

एका फेब्रुवारीत पाच महिन्यांचे एक बाळ डांग्या खोकल्याने निळे पडत असलेल्या अवस्थेत दवाखान्यात आले. आईवडील बीडकडील ऊसतोड मजूर. बेळगाव परिसरातील गळीत हंगामासाठी आले होते. आईने पदरातून लसीकरणाचे कार्ड काढले. त्यावर सहाव्या आठवड्याच्या पहिल्या डोसाची नोंद होती आणि शिक्का आमच्याच दवाखान्याचा होता! दहाव्या व चौदाव्या आठवड्यांचे रकाने कोरे. टोळी दुसऱ्या शिवारात गेली होती. बाळ सुदैवाने वाचले. मी मात्र अस्वस्थ झालो. दरमहा एक्सेलमध्ये तक्ता भरणाऱ्या आम्हांला हे का दिसले नाही?

कारण आमची बारा पाने बारा बेटांसारखी होती. समजा, दरमहा पहिला डोस सरासरी २० बालकांना आणि तिसरा १६-१७ बालकांना दिला गेला. तीन-चारांचा फरक कोणाच्याही नजरेत भरत नाही. शिवाय एखाद्या महिन्यात मागील बालके आल्याने तिसऱ्या डोसाचीच संख्या अधिक भरते. पण वर्षाची बेरीज मांडली की पहिला डोस २४०, तिसरा १९८. गळती ४२ बालकांची, म्हणजे साडेसतरा टक्के. १० टक्क्यांहून अधिक गळती ही चिंतेची खूण मानली जाते. सार्वजनिक आरोग्यसेवेत लसीकरणाचा चढत्या बेरजेचा आलेख काढण्याची पद्धत आहे, ती याचसाठी.

कृती अगदी सोपी आहे. प्रत्येक डोसाच्या रकान्याशेजारी ‘एकूण’ असा रकाना घ्यावा. एप्रिलपुढे एप्रिलचीच संख्या येईल. मेपासून ‘वरच्या ओळीतील एकूण अधिक या महिन्याची संख्या’ हे सूत्र लिहून ते मार्चपर्यंत खाली ओढावे. महिनावार स्वतंत्र पाने असल्यास सर्व पानांची मांडणी तंतोतंत सारखी ठेवावी. एक ओळ सरकली तर बीसीजीची संख्या गोवरात मिसळते. बेरीज हाताने टंकू नये. मागची चूक दुरुस्त केली तरी हाताने लिहिलेली बेरीज तशीच राहते.

मात्र सर्वच आकडे बेरजेस पात्र नसतात. दिलेले डोस व झालेले जन्म यांची बेरीज करावी. महिनाअखेरीस पटावर असलेल्या कुपोषित बालकांची करू नये. एकच मूल बारा वेळा मोजले जाईल. टक्केवारीचीही बेरीज नको. वर्षाचे अंश व छेद निरनिराळे मिळवून मग भागाकार करावा.

आता आम्ही महिनाअखेरीस दोन ‘एकूण’ शेजारी ठेवून पाहतो. तिसरा डोस पहिल्यानंतर निदान आठ आठवड्यांनी येत असल्याने थोडे अंतर राहणारच. ते वाढू लागले की परिचारिका नोंदवही उघडून नावे काढते व दूरध्वनी करते. काहींनी डोस अन्यत्र घेतलेला असतो, काहींचा क्रमांकच बदललेला असतो. पण काही माता ‘राहूनच गेलं बघा, डॉक्टर’ म्हणत दुसऱ्या दिवशी बाळाला घेऊन येतात.

वैद्यकबंधुभगिनींनो, बेरीज बालकाचे नाव सांगत नाही; नोंदवही केव्हा उघडावी एवढेच सांगते. आमच्या त्या नोव्हेंबरच्या पानावर ते बाळ होते. डिसेंबरच्या पानावर आम्ही त्याला उतरवूनच घेतले नाही.